आपत्कालीन विभागातील फार्मासिस्ट आणि त्याचे निवासी प्रशिक्षण : प्रस्तावना

औषध निवडणे, त्याची मात्रा काढणे, ते द्रावणात मिसळून सिद्ध करणे, रुग्णाला देणे आणि परिणाम पाहून पुढची मात्रा ठरवणे ही कामे रुग्णालयाच्या वॉर्डात काही तासांत आणि तीन-चार माणसांत वाटलेली असतात. आपत्कालीन विभागात मात्र ती सर्व काही मिनिटांत उरकावी लागतात, आणि आपल्याकडे त्यांचा संपूर्ण भार डॉक्टर आणि परिचारिका या दोघांवरच पडतो. औषधाचेच शिक्षण घेतलेला तिसरा माणूस, म्हणजे फार्मासिस्ट, त्या वेळी इमारतीच्या दुसऱ्या टोकाला औषधभांडाराच्या खिडकीआड बसून चिठ्ठीची वाट पाहत असतो. त्याला खिडकीतून उठवून रुग्णाच्या खाटेपाशी आणायचे, तर केवळ बदलीचा आदेश काढून भागत नाही. ज्येष्ठांच्या देखरेखीखाली, ठरावीक मुदतीत आणि वाढत्या जबाबदारीने निर्णय घेण्याची सवय त्याला लावावी लागते. या सवयीच्या शिक्षणाला निवासी प्रशिक्षण म्हणतात. आपत्कालीन वैद्यकातील फार्मासिस्टसाठी असे प्रशिक्षण कसे असावे, त्यात काय शिकवावे आणि मराठवाड्यासारख्या प्रदेशात ते कशाच्या आधारावर उभे राहू शकेल, हा प्रस्तुत ग्रंथाचा विषय आहे.

या विषयाची मांडणी पुंडलिकनगरपासून करण्यात अर्थ आहे. छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिण भागात, गारखेड्याला लागून असलेल्या या दाट वस्तीत औषधाची दुकाने वळणावळणावर आहेत, आणि ताप, जुलाब, चक्कर यांवरचा पहिला सल्ला अनेक घरांना याच दुकानांच्या काउंटरवर मिळतो. जवळच गारखेडा परिसरात १९८९ साली सुरू झालेले डॉ. हेडगेवार रुग्णालय आहे, आणि जालना रोड ओलांडून शहराच्या दुसऱ्या अंगाला १९५६ साली स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय आहे, ज्याला सारा मराठवाडा ‘घाटी’ म्हणून ओळखतो. जालना, बीड, परभणी, हिंगोली आणि शेजारच्या बुलढाण्याकडून निघालेला विषबाधेचा किंवा सर्पदंशाचा रुग्ण वाटेत एक-दोन दवाखाने करून बहुधा घाटीच्या अपघात विभागातच येऊन थांबतो. पुंडलिकनगरातल्या सामान्य माणसाला फार्मासिस्ट माहीत आहे तो दुकानातला; घाटीत किंवा खासगी रुग्णालयात त्याची भूमिका काय, हे त्याला सहसा सांगता येणार नाही, आणि त्यात त्याचा दोषही नाही, कारण ती भूमिका त्याच्या डोळ्यांसमोर कधी आलेलीच नाही.

ती का आली नाही, याचे उत्तर शिक्षणाच्या रचनेत सापडते. १९४८ च्या फार्मसी कायद्याने या व्यवसायाला नोंदणी आणि किमान पात्रता दिली. त्याच्या ४२ व्या कलमानुसार डॉक्टरच्या चिठ्ठीवरील औषध तयार करणे, मिसळणे आणि देणे हे नोंदणीकृत फार्मासिस्टचे काम ठरले. मात्र हे काम शिकवले गेले ते दुकान डोळ्यांसमोर ठेवून. पदविकेच्या १९९१ च्या शिक्षण नियमांत किमान तीन महिन्यांत ५०० तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण सांगितले होते, आणि त्यांतील किमान २५० तास चिठ्ठीप्रमाणे औषध देण्यात घालवावेत असे बंधन होते. पदवी अभ्यासक्रमाच्या २०१४ च्या नियमांत कारखान्यात किंवा रुग्णालयात १५० तासांचे काम अपेक्षित आहे, आणि यातल्या ‘किंवा’मुळे कित्येक विद्यार्थी रुग्णालयाचा उंबरा न ओलांडताच पदवीधर होतात. औषधनिर्मितीच्या उद्योगाला कुशल माणसे पुरवणे हे भारतीय फार्मसी शिक्षणाचे दीर्घकाळ मुख्य ध्येय राहिले; वाळूज आणि चिकलठाण्यातल्या औषध कारखान्यांनी या शहरालाही त्या ध्येयाचा लाभ करून दिला. रुग्ण मात्र या सगळ्यात बाजूला पडला.

या स्थितीत खरा बदल झाला तो २००८ साली, जेव्हा भारतीय फार्मसी परिषदेने डॉक्टर ऑफ फार्मसी, अर्थात फार्म.डी., या अभ्यासक्रमाचे नियम लागू केले. पाच वर्षांचे शिक्षण आणि सहावे वर्ष पूर्णतः रुग्णालयात, अशी त्याची रचना आहे. पदवीधरांसाठी तीन वर्षांचा वेगळा मार्गही ठेवला आहे. किमान तीनशे खाटांचे रुग्णालय संलग्न असल्याशिवाय हा अभ्यासक्रम चालवता येत नाही. सहाव्या वर्षी विद्यार्थ्याने सहा महिने सामान्य वैद्यक विभागात आणि प्रत्येकी दोन महिने इतर तीन विशेष विभागांत काम करावे, नेमून दिलेल्या वॉर्डात स्वतंत्रपणे सेवा द्यावी, असे नियम सांगतात. महाराष्ट्रात पुण्याच्या भारती विद्यापीठासारख्या, स्वतःचे रुग्णालय हाताशी असलेल्या संस्थांना हे तुलनेने सोपे गेले. ज्यांचे रुग्णालय केवळ करारापुरते आहे, त्यांच्या विद्यार्थ्यांचे सहावे वर्ष वॉर्डाच्या कोपऱ्यात केसपेपर उतरवून घेण्यात जाण्याचा धोका असतो.

या नियमांत सहाव्या वर्षाला ‘इंटर्नशिप किंवा निवासी प्रशिक्षण’ असे संबोधले आहे, आणि दोन भिन्न गोष्टींना एकाच ओळीत बसवल्याने पुढचा पुष्कळ गोंधळ झाला आहे. इंटर्नशिप हा पदवीचाच शेवटचा भाग असतो, त्यातील विद्यार्थी अद्याप नोंदणीकृत झालेला नसतो आणि त्याच्या शब्दावर कोणी औषध बदलत नाही. निवासी प्रशिक्षण पदवी आणि नोंदणी झाल्यानंतर सुरू होते. निवासी फार्मासिस्टचे मत रुग्णाच्या कागदपत्रांत नोंदले जाते, त्याच्या सहीने मात्रा बदलली जाऊ शकते आणि ती चुकली तर त्याला जाब द्यावा लागतो. वैद्यकीय पदव्युत्तर शिक्षणात हा फरक इतका रुळलेला आहे की घाटीच्या कोणत्याही वॉर्डबॉयला इंटर्न आणि रेसिडेंट डॉक्टर यांतला भेद समजावून सांगावा लागत नाही. फार्मसीत तो अजून कागदावरही नीट उतरलेला नाही. शिवाय सहाव्या वर्षाच्या तीन विशेष विभागांत आपत्कालीन विभाग असलाच पाहिजे असे बंधन नाही, त्यामुळे एखादा फार्म.डी. पदवीधर सर्पदंशाचा एकही रुग्ण न पाहता मराठवाड्यात व्यवसाय सुरू करू शकतो.

अमेरिकेत या प्रशिक्षणाला जवळपास शतकाची परंपरा आहे. मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयात हार्वे व्हिटनी यांनी १९२७ साली रुग्णालयीन फार्मसीचे पहिले प्रशिक्षण सुरू केले, आणि १९६० च्या दशकाच्या आरंभी रुग्णालयीन फार्मासिस्टांच्या राष्ट्रीय संघटनेने अशा प्रशिक्षणाला मान्यता देण्याचे निकष ठरवले. १९७० च्या दशकात काही रुग्णालयांनी आपत्कालीन विभागात फार्मासिस्ट नेमून पाहिले; पण या प्रयोगांना वेग आला तो १९९९ च्या अमेरिकेतील वैद्यकीय चुकांविषयीच्या प्रसिद्ध अहवालानंतर, कारण टाळता येण्यासारख्या चुकांचा प्रश्न त्याने सार्वजनिक चर्चेत आणला आणि घाई, अपुरी माहिती, तोंडी आदेश यांमुळे आपत्कालीन विभाग अशा चुकांना विशेष अनुकूल असतो हे मान्य झाले. आज तेथे पदवीनंतरच्या पहिल्या वर्षी सर्वसाधारण निवासी प्रशिक्षण आणि दुसऱ्या वर्षी आपत्कालीन वैद्यकाचे विशेष प्रशिक्षण असे दोन टप्पे आहेत, आणि २०२२ पासून या विशेषज्ञतेची स्वतंत्र प्रमाणन परीक्षाही होते. भारतात आपत्कालीन वैद्यक ही वैद्यकीय शाखा म्हणूनच २००९ मध्ये मान्य झाली, हे लक्षात घेतले तर तिच्या सहाय्यक शाखा अजून उगवायच्या आहेत याचे नवल वाटू नये.

परंतु अमेरिकेतील अभ्यासक्रम जसाच्या तसा उचलून आणणे ही मोठी चूक ठरेल, कारण आपत्कालीन विभागाच्या दारातून कोण येते यावर त्यातले औषध ठरते. घाटीच्या दारातून येणाऱ्या रुग्णांत शेतीच्या औषधांची विषबाधा हा मोठा आणि जुना वर्ग आहे. सेंद्रिय फॉस्फरस वर्गातील कीटकनाशके शरीरातील ॲसिटिलकोलिन मोडणारे विकर बंद पाडतात. त्यामुळे लाळ, घाम आणि छातीतील स्राव वाढत जातात, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, नाडी मंदावते आणि रुग्ण आपल्याच फुप्फुसातील पाण्यात गुदमरतो. यावरचा मुख्य उतारा ॲट्रोपिन. प्रौढ रुग्णाला ते दीड ते तीन मिलिग्रॅमच्या आसपास सुरू करून, छाती कोरडी होऊन नाडी आणि रक्तदाब सावरेपर्यंत दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करत न्यावे, असा प्रघात आहे. आपल्याकडची प्रचलित ॲम्प्यूल ०.६ मिलिग्रॅमची असते. म्हणजे तीन मिलिग्रॅमसाठी पाच, पुढच्या सहासाठी दहा आणि त्यापुढच्या बारासाठी वीस, अशा दहा मिनिटांत पस्तीस ॲम्प्यूल फोडाव्या लागतात, आणि ही फोडाफोड करणारी परिचारिका बहुधा एकटी असते. रुग्ण सावरला की आतापर्यंत दिलेल्या एकूण मात्रेच्या दहा ते वीस टक्के औषध दर तासाला सलाईनमधून चालू ठेवायचे, म्हणजे एकवीस मिलिग्रॅमवर सावरलेल्या रुग्णाला तासाला दोन ते चार मिलिग्रॅम. हे गणित रात्री दोन वाजता, नातेवाइकांच्या गराड्यात, चुकते. ॲट्रोपिन कमी पडले तर छाती भरते; जास्त झाले तर ताप चढतो, पोटाचे आवाज बंद होतात, रुग्ण बरळू लागतो, आणि हे बरळणे विषाचे की उताऱ्याचे हे ओळखता न आल्यास उपचार उलट दिशेने जातो. साठा किती आहे हे ज्याला माहीत आहे, गणित ज्याच्या हातचे आहे आणि दोन्ही लक्षणे ज्याने वारंवार पाहिली आहेत, असा माणूस खाटेपाशी असणे हा येथे सोयीचा प्रश्न राहत नाही.

याच विषबाधेवरचे दुसरे औषध प्रॅलिडॉक्सिम, आणि त्याची कथा निवासी प्रशिक्षणाच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. बारामतीच्या गिरिराज हॉस्पिटलमधील डॉक्टरांनी दोनशे रुग्णांवर केलेला अभ्यास २००६ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सुरुवातीच्या मात्रेनंतर दर तासाला एक ग्रॅम प्रॅलिडॉक्सिम अठ्ठेचाळीस तास सतत दिल्यास, ते चार-चार तासांनी देण्यापेक्षा निष्पत्ती चांगली येते, असे त्यात आढळले. तालुक्याच्या गावातील रुग्णालयाने जगाच्या उपचारपद्धतीत भर घातल्याची अशी उदाहरणे थोडी आहेत. पण तीन वर्षांनी श्रीलंकेतील चाचणीत प्रॅलिडॉक्सिम न दिलेल्या रुग्णांच्या तुलनेत दिलेल्यांना फायदा झाल्याचे दिसले नाही, आणि आजही जाणकारांत या औषधाविषयी एकमत नाही. विषाचा प्रकार, पोटात गेल्यापासूनचा वेळ, रुग्णाची स्थिती आणि चाचणीतील तुलना कशाशी होती, हे सारे पाहूनच दोन निष्कर्षांतील अंतर समजते. पाठ्यपुस्तकातली मात्रा पाठ असलेला फार्मासिस्ट या ठिकाणी निरुपयोगी ठरतो. दोन्ही अभ्यास वाचून समोरच्या रुग्णापुरते मत देऊ शकणारा उपयोगी पडतो, आणि हे कौशल्य व्याख्यानातून येत नाही.

विष कोणते, हा प्रश्न तर त्याआधीचा. २०१७ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि शेतमजूर बाधित झाले आणि वीसहून अधिक दगावले, तेव्हा अनेकांनी एकापेक्षा जास्त कीटकनाशकांचे मिश्रण फवारल्याचे पुढे आले. सर्वच कीटकनाशकांवर ॲट्रोपिन चालत नाही. तणनाशक पॅराक्वॉटच्या विषबाधेत गरज नसताना दिलेला प्राणवायूच फुप्फुसाची हानी वाढवतो, आणि धान्यात ठेवण्याच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांवर खास उतारा उपलब्ध नाही. रुग्णासोबत आलेल्या बाटलीवरील लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण विषारीपणाचा दर्जा सांगतो, रासायनिक वर्ग सांगत नाही. तो लहान अक्षरांतल्या नावावरून ओळखावा लागतो, आणि बाटली नसेल तर गावातल्या कृषी सेवा केंद्राला फोन करून काय विकले होते हे विचारावे लागते. दिल्लीच्या एम्समध्ये १९९५ पासून राष्ट्रीय विष माहिती केंद्र चालू आहे, पण त्याला विचारायचा प्रश्न नेमका मांडता यायला हवा. निवासी फार्मासिस्टच्या रोजच्या कामात हा फोन मोडतो, आणि त्याला दिलेले महत्त्व वाचकाला अतिरेकी वाटले तर वाटो.

सर्पदंशाच्या बाबतीत चित्र वेगळे आहे, कारण उपचाराचे राष्ट्रीय मार्गदर्शन उपलब्ध आहे आणि प्रश्न ते पाळण्याचा आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांवर एकत्र चालणाऱ्या प्रतिविषाच्या दहा मिलिलिटरच्या एका कुपीने घोणसाचे सुमारे सहा मिलिग्रॅम विष निष्प्रभ होते. घोणस एका दंशात सरासरी ६३ मिलिग्रॅम विष सोडतो असे गृहीत धरून आठ ते दहा कुप्यांची पहिली मात्रा ठरवलेली आहे. साप लहान मुलाला चावला म्हणून विष कमी सोडत नाही, त्यामुळे मुलालाही तेवढ्याच कुप्या लागतात; केवळ ज्या द्रावणात त्या मिसळायच्या ते वजन पाहून कमी करायचे. ही एक गोष्ट, जी ऐकताना विचित्र वाटते, तिच्याबाबत संकोच झाल्याने मुलांना अपुरे प्रतिविष मिळू शकते. आधी त्वचेवर चाचणी घेण्याची जुनी रीत आता अमान्य आहे; त्याऐवजी घातक प्रतिक्रिया येताच मांडीच्या स्नायूत द्यायचे अर्धा मिलिग्रॅम ॲड्रेनालिन सिरिंजमध्ये भरून तयार ठेवायचे असते. हेच ॲड्रेनालिन हृदय बंद पडल्यावर शिरेतून एक मिलिग्रॅम द्यावे लागते, आणि घाईत या दोन मात्रांची व मार्गांची अदलाबदल जीवघेणी ठरू शकते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने सर्पदंशाची नोंद शासनाला कळवणे आवश्यक मानावे असे राज्यांना सांगितले. ही नोंद ठेवताना किती कुप्या लागल्या आणि प्रतिक्रिया आली का, हे लिहून ठेवणे फार्मासिस्टइतके दुसऱ्या कोणाला जमणार नाही.

विंचूदंशाचा उल्लेख न करता मराठवाड्यातील आपत्कालीन वैद्यकाची प्रस्तावना पूर्ण होऊ शकत नाही. जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणात महाड येथे काम करताना, लाल विंचवाच्या दंशानंतर रुग्ण हृदय निकामी होऊन दगावतात हे निरीक्षण नोंदवले आणि रक्तदाबावरचे प्राझोसिन हे स्वस्त औषध त्यावर लागू पडते हे १९८० च्या दशकात जगापुढे मांडले; २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या सत्तर रुग्णांच्या चाचणीत प्राझोसिनला विंचवाच्या प्रतिविषाची जोड दिल्यास रुग्ण लवकर सावरतो, असेही त्यांनी दाखवले. या उपचारातला औषधशास्त्राचा बारकावा असा की बाजारात प्राझोसिनच्या हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्याही मिळतात, आणि दर तीन तासांनी मोजून द्यायच्या औषधाच्या जागी अशी गोळी कुटून दिली तर तिचा सारा हिशेब बिघडतो. भांडारात कोणती गोळी आहे हे डॉक्टरला ठाऊक नसते, आणि डॉक्टरने काय ठरवले आहे हे भांडाराला ठाऊक नसते. दोघांमधले हे अंतर चिठ्ठीने कधीच पुरते भरून निघत नाही.

विषांच्या पलीकडे, कोणत्याही शहरातल्या आपत्कालीन विभागाला समान असे जे आहे, त्याची यादी येथे देण्याचे कारण नाही. दोन-तीन ठिकाणे दाखवणे पुरेसे व्हावे. रक्ताची गुठळी विरघळवणारे टेनेक्टेप्लेज, जे पुण्यातील कंपनीही बनवते, हृदयविकारात वजनानुसार तीस ते पन्नास मिलिग्रॅम दिले जाते, तर मेंदूच्या झटक्यात त्याची मात्रा किलोमागे पाव मिलिग्रॅम आणि जास्तीत जास्त पंचवीस मिलिग्रॅम धरतात. एकच कुपी, एकच कपाट आणि दुपटीचा फरक, आणि चूक झाली तर मेंदूत रक्तस्राव. आकडी थांबवणारे फेनिटॉइन साखरेच्या सलाईनमध्ये घातले की त्याचे कण तयार होतात, म्हणून ते साध्या सलाईनमध्येच आणि मिनिटाला पन्नास मिलिग्रॅमपेक्षा कमी वेगाने द्यावे लागते. पोटॅशियम क्लोराइडची दहा मिलिलिटरची ॲम्प्यूल दिसायला इतर पाण्यासारख्या ॲम्प्यूलांहून वेगळी नसते, पण ती थेट शिरेत गेली तर हृदय थांबते. ग्लिमेपिराइडची गोळी घेणारे, मूत्रपिंड थकलेले आजोबा साखर उतरून बेशुद्ध येतात, ग्लुकोज देताच उठून बसतात आणि घरी पाठवले जातात. गोळीचा प्रभाव मात्र दिवसभर टिकतो आणि पहाटे ते पुन्हा बेशुद्ध होतात. या शेवटच्या प्रसंगात कोणतेही नवे औषध लागत नाही, फक्त नातवाने आणलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतील गोळ्यांची पाकिटे कोणीतरी एकेक करून पाहावी लागतात.

हे सारे डॉक्टर आणि परिचारिका करतच आहेत, मग तिसरा माणूस कशाला, असा आक्षेप घेतला जातो, आणि तो अगदीच पोकळ नाही. परिचारिकांची पदे रिक्त असताना फार्मासिस्टचे नवे पद मागणे उधळपट्टीचे वाटू शकते. परंतु आजची व्यवस्था काम कमी माणसांत भागवते असे नसून ते अयोग्य माणसाकडे ढकलते: ज्या परिचारिकेने रुग्णाजवळ असायचे ती पस्तीस ॲम्प्यूल फोडत राहते, आणि ज्याला फोडता आल्या असत्या तो साठ्याची नोंदवही भरत असतो. फार्मासिस्टने उपचार ठरवावा अशी मागणी येथे नाही. निर्णयाची अंतिम जबाबदारी डॉक्टरचीच राहते. त्या निर्णयाला लागणारी माहिती आणि सिद्ध औषध वेळेत हजर करण्याची जबाबदारी मात्र फार्मासिस्टकडे यावी, आणि ती पेलता येईल इतके त्याला तयार करावे, एवढेच म्हणणे आहे.

खरी अडचण ज्ञानाची नाही, पैशाचीही पूर्णतः नाही, ती प्रशासनाच्या वाटणीची आहे. महाराष्ट्रात फार्मसीची महाविद्यालये तंत्रशिक्षण विभागाच्या छत्राखाली अभियांत्रिकीच्या शेजारी बसतात, आणि पदविकेची परीक्षा तंत्रशिक्षण मंडळ घेते. घाटीसारखी रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असतात, जिल्हा रुग्णालये सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, आणि औषधांचे परवाने अन्न व औषध प्रशासनाकडे. उस्मानपुऱ्यातील शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय आणि घाटी यांच्यात अंतर काही किलोमीटरचेच आहे, पण एका संस्थेच्या विद्यार्थ्याला दुसऱ्या संस्थेत वर्षभर पगारी, जबाबदार निवासी म्हणून ठेवायचे असेल तर ज्या फायली हलवाव्या लागतील त्यांचा प्रवास मुंबईमार्गे होतो. भारतीय फार्मसी परिषदेने २०१५ च्या व्यवसाय नियमांनी फार्मासिस्टचे रुग्णसमुपदेशनाचे कर्तव्य स्पष्ट केले, हे स्वागतार्हच होते; तरीही आपत्कालीन विभागासाठी मंजूर पद नसेल, तर तेथे प्रशिक्षण घेतलेला माणूस वर्ष संपताच कारखान्याच्या किंवा परदेशी कंपनीच्या औषधसुरक्षा कार्यालयाच्या दारात उभा राहणार. म्हणून प्रस्तुत ग्रंथात अभ्यासक्रमाइतकीच जागा पदनिर्मिती, विद्यावेतन आणि देखरेख करणारे शिक्षक कोठून आणावेत या प्रश्नांना दिली आहे. आज त्या कामाचा अनुभव असलेले भारतीय फार्मासिस्ट थोडे आहेत. पहिल्या तुकडीला शिकवणारे बहुधा आपत्कालीन वैद्यकाचे आणि भूलशास्त्राचे डॉक्टरच असतील, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

प्रशिक्षणाच्या वर्षाची आखणी करताना विद्यापीठाच्या वेळापत्रकाऐवजी मराठवाड्याच्या ऋतूंकडे पाहावे, असे या ग्रंथात सुचवले आहे, आणि त्यावर मतभेद होण्याची शक्यता गृहीत धरली आहे. वर्ष जूनमध्ये सुरू व्हावे, कारण पहिल्या पावसाबरोबर साप बाहेर पडतात आणि नव्या निवासीला प्रतिविषाचे सूत्र पहिल्याच महिन्यात हाताळावे लागते. ऑगस्ट ते ऑक्टोबर कपाशी आणि तुरीवरच्या फवारणीचे दिवस असल्याने विषशास्त्राचे सत्र त्या काळात ठेवावे, आणि त्यातील एक आठवडा तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रात घालवावा. हिवाळ्याचे महिने अतिदक्षता विभागाला, बालरुग्ण विभागाला आणि २०१४ पासून राज्यात धावणाऱ्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकांना द्यावेत. तेथे कोणती औषधे ठेवली जातात आणि प्रवासात कोणती दिली गेली हे पुढे विभागात बसून कळत नाही. एप्रिल-मेमध्ये उष्माघाताचे रुग्ण येतात, ज्यांना तापाच्या गोळीने काहीही उपयोग होत नाही आणि शरीर थंड करणे हाच उपचार असतो. त्याच दिवसांत, वीज गेल्यावर, श्वासनलिकेत नळी घालताना लागणारे सक्सिनिलकोलिन आणि इन्सुलिन ज्या शीतकपाटात दोन ते आठ अंशांत राहायला हवे, त्यावरचा तापमापक दर पाळीला पाहून नोंद करणे हे निवासी फार्मासिस्टच्या अखेरच्या दोन महिन्यांचे काम असावे, आणि कोणता साठा टाकून द्यायचा याचा निर्णयही त्याने स्वतःच्या सहीने घ्यावा.